अष्ठीला व मूत्रमार्ग यांतील साधे अंकुर : प्रस्तावना

पुरुषाचा मूत्रमार्ग मूत्राशयाच्या मुखापासून बाह्य छिद्रापर्यंत सुमारे १८ ते २० सेंटिमीटर लांबीचा असतो, आणि त्यांपैकी जो भाग अष्ठीला ग्रंथीच्या, म्हणजे आता रुग्ण व डॉक्टर दोघेही जिला सरसकट प्रोस्टेट म्हणतात त्या ग्रंथीच्या, गाभ्यातून उतरतो त्याची लांबी अवघी ३ ते ४ सेंटिमीटर भरते. परंतु या चिमुकल्या मुलखात इतक्या भिन्न कुळींच्या पेशी हद्दीला हद्द लावून नांदतात की, तेथे एखादा साधा अंकुर उगवला तरी तो नेमका कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या बीजापासून उगवला, याचा निवाडा करताना भल्याभल्या विकृतिवैज्ञानिकांना निकालात काढलेले दप्तर पुन्हा उघडावे लागले आहे. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा निवाडा होय. अंकुर स्वतः बहुधा निरुपद्रवी असतो. त्याचे माप मिलिमीटरांत घेतात आणि दुर्बीण घालून तो काढणे हे मूत्रशल्यतज्ज्ञाला फारसे अवघड नसते. पण वीर्यात रक्त दिसल्यामुळे किंवा लघवी एकाएकी लाल झाल्यामुळे गांगरून गेलेला तिशी-चाळिशीचा गृहस्थ जेव्हा दवाखान्यात येतो, तेव्हा त्याचा प्रश्न एवढाच असतो की, गाठ साधी आहे की कॅन्सरची. आणि या पाच शब्दांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता यावे म्हणून विकृतिशास्त्राला गेल्या शतकात किती वळणे घ्यावी लागली, ते पाहिले म्हणजे विषय किरकोळ आहे असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

प्रथम या मुलखाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. मूत्राशय व त्याखालील मूत्रमार्गाचा आरंभीचा भाग यांना जे अस्तर असते ते अनेक थरांचे, ताणले असता पसरणारे आणि लघवीच्या क्षारांना दाद न देणारे असते. त्याला यूरोथेलियम म्हणतात. त्याच्या सभोवार अष्ठीलेच्या ग्रंथी आहेत, आणि त्यांचे अस्तर निराळे: आतल्या अंगाला उंच, फिकट, स्राव करणाऱ्या पेशींची एक रांग आणि तिच्या बुडाशी चपट्या तळपेशींची दुसरी. या ग्रंथींच्या नलिका मूत्रमार्गातच उघडतात, म्हणून त्यांच्या मुखाशी दोन्ही अस्तरांची सरहद्द लागते, आणि सरहद्दीवर जसे होते तसे तेथेही दोन्हीकडची वस्ती थोडी एकमेकांत मिसळलेली असते. मूत्रमार्गाच्या मागच्या भिंतीवर व्हेरूमॉन्टॅनम नावाचा एक लहानसा उंचवटा आहे; त्याच्या माथ्यावर यूट्रिकल या बंद बुडाच्या पिशवीचे तोंड, तर तिच्या दोन अंगांना वीर्यवाहिन्यांची मुखे. या वीर्यवाहिन्यांचे मूळ वोल्फच्या नलिकेत आहे. अष्ठीलेच्या कळ्या गर्भावस्थेच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून पुरुषसंप्रेरकाच्या हुकुमाने मूत्र-जनन कोटराच्या भिंतीतून फुटतात. आणि यूट्रिकल ही तर स्त्रीगर्भात ज्या नलिकांपासून गर्भाशय बनते त्यांचा पुरुषदेहातील अवशेष, असे परंपरेने मानले जात असे. या अखेरच्या समजुतीने पुढे केवढा घोटाळा केला ते यथावकाश येईलच.

अंकुर हे केवळ बाह्यरूपाचे वर्णन आहे. अस्तर कोणत्याही कारणाने पृष्ठभागाच्या वर उचलले गेले, त्याच्या पोटात थोडे संयोजी ऊतक व रक्तवाहिन्या शिरल्या, आणि तळाशी देठ किंवा बैठक तयार झाली, की नळीत डोकावणाऱ्या डोळ्याला अंकुर दिसतो. मग ते उचलणे जन्मजात दोषाने झालेले असो, दाहाने, विषाणूने, किंवा खऱ्या अर्बुदाने. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला हे सगळे गुलाबी, ओलसर, झालरीसारखे आणि बरेचसे एकसारखे भासतात. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा एका अर्थी डोळ्यावरचा विश्वास क्रमाक्रमाने कमी होत गेल्याचा इतिहास आहे.

तो इतिहास सांगताना आपल्याकडील लेखकांना सुश्रुतापाशी थांबण्याचा मोह होतो, आणि तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे जे बारा प्रकार सांगितले आहेत त्यांत मूत्रग्रंथी नावाचा एक आहे: बस्तीच्या मुखाशी आतल्या बाजूस एकाएकी उद्भवणारी, वाटोळी, लहान, स्थिर अशी गाठ, जी मूत्राची वाट अडवते आणि लक्षणांनी मुतखड्यासारखी वाटते. निरीक्षण म्हणून हे अत्यंत मार्मिक आहे. परंतु त्यावरून सुश्रुताला अष्ठीलेचे अंकुर ठाऊक होते अशी मखलाशी करण्यात अर्थ नाही. त्याने रुग्णाच्या लक्षणांवरून अडथळ्याची जागा आणि त्याचा आकार यांचे अनुमान बांधले, आणि ते सुरेख बांधले, एवढेच म्हणावे. गाठ कशाची बनली आहे हा प्रश्न विचारण्याची साधने त्याच्या काळी नव्हती, आणि युरोपातही ती फार उशिरा आली. मोर्गान्यीने आपला महाग्रंथ १७६१ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात असताना प्रसिद्ध केला. त्यात मूत्राशयाच्या मुखाशी अष्ठीलेचा मधला भाग वाढून मार्ग कसा अडतो, हे शवविच्छेदनाच्या आधारे नोंदलेले आहे. तोही पुरावा अर्थात मृताचाच.

जिवंत माणसाच्या मूत्रमार्गात डोकावण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाचा. फ्रँकफुर्टच्या बोत्सिनीने शतकाच्या प्रारंभीच मेणबत्तीच्या उजेडावर चालणारे आपले प्रकाशवाहक यंत्र पुढे आणले, तेव्हा त्याचे कौतुकापेक्षा हसेच अधिक झाले. १८५३ मध्ये पॅरिसच्या देझोर्मोने अल्कोहोल आणि टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा व आरसा लावून मूत्रमार्ग पाहिला. आणि १८७७ मध्ये माक्स नित्से याने ड्रेस्डेन येथे, आधी मृतदेहावर, आपली दुर्बीण दाखविली, जिच्या टोकाशी तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार आणि तिला थंड ठेवण्यासाठी खेळते पाणी होते. या दुर्बिणीने अंकुर दृष्टीस पडू लागले, परंतु तिच्या पाठोपाठ जी गोष्ट आली तिने विकृतिशास्त्राची एका परीने पंचाईतच केली. न्यूयॉर्कच्या एडविन बिअरने १९१० मध्ये मूत्राशयातील अंकुर उच्च कंपनाच्या विद्युत्‌प्रवाहाने दुर्बिणीतूनच जाळून टाकण्याची रीत प्रसिद्ध केली. पोट उघडण्यातून रुग्णाची सुटका करणारी ही रीत, तिची थोरवी वादातीत आहे. पण जो अंकुर जळून गेला त्याचा काप कशाचा करणार? आरोपीचा निकाल लागला आणि ओळख पटविण्याचे राहूनच गेले, अशी कितीएक प्रकरणे त्या काळात झाली असली पाहिजेत. या पार्श्वभूमीवर अलेक्झांडर रँडल या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाने १९१३ मध्ये पुरुषाच्या मूत्रमार्गातील साध्या अंकुरांचा जो स्वतंत्र अभ्यास छापला त्याचे मोल मला फार वाटते. हेच रँडल पुढे मूत्रपिंडातील खड्यांच्या मुळाशी असलेल्या, आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चकत्यांमुळे सर्वत्र विख्यात झाले, आणि त्यांच्या या आधीच्या कामाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष राहिले नाही.

या पुस्तकात सर्वांत अधिक जागा ज्याने घेतली आहे तो अंकुर म्हणजे अष्ठीलेच्या अस्तराचा, आणि ती जागा त्याला देण्याचे कारण असे की, तो दिसतो तितका दुर्मिळ नाही आणि वाटतो तितका सोपाही नाही. तो बहुधा व्हेरूमॉन्टॅनमच्या आसपास उगवतो. त्याची कैफियत ठरलेली: वेदना नाही, ताप नाही, लघवीला जोर करावा लागत नाही, फक्त मधूनमधून लघवीतून रक्त जाते, किंवा समागमानंतर वीर्य तांबूस येते. सूक्ष्मदर्शकाखाली नाजूक बोटांसारख्या शाखा दिसतात, त्यांच्यावर उंच, फिकट, शांत केंद्रकांच्या पेशींची रांग, तिच्याखाली तळपेशींचा थर, आणि कोठे कोठे यूरोथेलियमचे ठिगळ. म्हणजे अष्ठीलेची ग्रंथी जशी असावयास हवी तशीच ती आहे, फक्त आत असावयाची ती नळीच्या पृष्ठभागावर आली आहे. ती कशी आली? मिशिगनच्या रीड नेस्बिट यांनी १९६२ मध्ये या अंकुरांच्या उत्पत्तीवरच एक छोटेखानी लेख लिहिला, आणि तेव्हापासून या प्रश्नावर तीन पक्ष उभे आहेत. गर्भावस्थेत काही पेशी वाट चुकून तेथे राहिल्या असे एक पक्ष म्हणतो; दाहाच्या दीर्घ सहवासाने यूरोथेलियमने आपले रूप पालटले असे दुसरा; आणि नलिकांच्या मुखातून आतले अस्तर बाहेर घसरून पृष्ठभागावर वाढले असे तिसरा. माझे मत तिसऱ्याकडे झुकते, कारण अंकुराची जागा नलिकांच्या मुखांपाशीच असते आणि तळपेशींसह दोन थरांची अखंड रचना रूप पालटलेल्या अस्तरात क्वचितच इतकी नीट उतरते. परंतु मूत्राशयातही असे अंकुर मिळतात, आणि त्यांच्या बाबतीत पहिल्या पक्षाला उत्तर देणे जड जाते हे मान्य केले पाहिजे. १९७१ मध्ये बटरिक, श्निट्झर आणि एबल यांनी हा अंकुर लघवीतून रक्त जाण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे असे आग्रहाने मांडले, तेव्हापासून वैद्यांच्या दप्तरी त्याची रीतसर नोंद झाली.

नोंद झाली तरी साक्षीपुरावा अपुरा होता. अष्ठीलेच्या पेशी आम्लधर्मी फॉस्फटेज हा पदार्थ बनवितात हे १९३०-४० च्या दशकापासून माहीत होते. पण ऊतकाच्या कापावर नेमक्या कोणत्या पेशीत तो आहे हे खात्रीने दाखवणारी साधने मागाहून हाती आली. १९७९ मध्ये बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अष्ठीलेच्या ऊतकातून पीएसए हे प्रथिन शुद्ध रूपात वेगळे केले, आणि थोड्याच वर्षांत त्याच्यावर बांधलेल्या प्रतिपिंडांनी काप रंगवण्याची पद्धत रूढ झाली. अंकुराच्या पेशी तपकिरी रंगल्या की त्यांचे कूळ अष्ठीलेचे, याविषयी वाद उरला नाही. सर्वसामान्य लोक पीएसए हे रक्ताच्या तपासणीचे नाव म्हणून ओळखतात. विकृतिवैज्ञानिकाला त्याचा हा दुसरा, शांतपणे केलेला उपकार अधिक मोठा वाटतो.

त्या उपकाराची किंमत कळावयाची तर मेलिको आणि पॅक्टर यांचे प्रकरण आठवावे. न्यूयॉर्कच्या या दोघा विद्वानांनी १९६७ मध्ये यूट्रिकलच्या परिसरातून नळीत झालरीसारख्या वाढलेल्या एका कर्करोगाचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी हुबेहूब मिळता होता. यूट्रिकल हा गर्भाशयाचा अवशेष, हे तर सर्वमान्यच होते. तेव्हा पुरुषदेहातील हा गर्भाशयाचा कर्करोग, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अनुमानाची साखळी पाहिली तर तीत एकही कडी सकृद्दर्शनी कच्ची नव्हती. परंतु परिणाम गंभीर होता. अष्ठीलेच्या कर्करोगाला त्या काळी स्त्रीसंप्रेरक देत, कारण चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच पुरुषसंप्रेरक तोडले की हा रोग मागे हटतो असे सिद्ध केले होते. आणि रोग जर गर्भाशयाच्या कुळातला असेल तर तेच स्त्रीसंप्रेरक त्याला खतपाणी घालील, म्हणून ते वर्ज्य ठरे. म्हणजे पेशींचे कूळ ठरवण्यात झालेली चूक थेट रुग्णाच्या औषधाच्या कागदावर उतरत होती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि विशेषतः पीएसएचे रंजन यांनी या पेशी अष्ठीलेच्याच नलिकांतल्या आहेत हे निर्विवाद दाखवून दिले, आणि आज त्याला नलिकाजन्य कर्करोग म्हणतात. साध्या अंकुराच्या अभ्यासकाला हे प्रकरण दोन कारणांनी पाठ असावे लागते: एक, हा कर्करोग त्याच उंचवट्यावर, तशाच झालरी घेऊन उगवतो, आणि दुसरे, तोही पीएसएने रंगतो. कूळ कळले म्हणून शील कळले असे नव्हे. मग केंद्रकांची दाटी, त्यांतील ठळक ठिपके, विभाजन पावणाऱ्या पेशी, चाळणीसारखी रचना, यांकडे वळावे लागते. आणि तळपेशींचा थर शाबूत आहे की नाही हेही पाहावे लागते, पण तेथेही सावध राहिले पाहिजे, कारण कर्करोग जेव्हा जुन्या नलिकांच्या पोटातूनच पसरतो तेव्हा त्यांच्या तळपेशी काही काळ जागच्या जागी असतात.

मुलांमध्ये होणारा अंकुर निराळा, आणि सुदैवाने सरळ. तो जन्मजात असतो, मुलग्यांत आढळतो, आणि व्हेरूमॉन्टॅनमपासून निघालेल्या देठावर लोंबतो; आत तंतुमय ऊतक व थोडे स्नायू, वरून नेहमीचे यूरोथेलियम. देठ लांब असला की लघवीच्या प्रवाहाबरोबर तो पुढे ढकलला जातो व नळीचे तोंड बंद करतो. प्रवाह थांबला की परत मागे येतो. म्हणून लघवी सुरू होऊन मध्येच तुंबते आणि आईबापांना वाटते की मूल हट्टाने रोखून धरते आहे. क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य मूत्राशयात भरून लघवी करताना चित्र घेतले तर त्याची सावली हलताना दिसते. काढला की काम संपते.

ज्याने या विषयातील सर्वांत रम्य कथा दिली तो मात्र नेफ्रोजेनिक अडेनोमा होय. १९४९ मध्ये डेव्हिस यांनी त्याचे मूत्राशयातील एक विकृत घडण म्हणून वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी फ्रीडमन व कूलेनबेक यांनी त्यातील बारीक नलिका मूत्रपिंडाच्या नलिकांची आठवण करून देतात म्हणून त्याला हे नाव दिले. शस्त्रक्रिया, मुतखडा, दीर्घकाळ घातलेली नळी किंवा जुना दाह यांनी जेथे अस्तर सोलवटलेले असते तेथे तो उगवतो. त्याच्या नलिकांभोवती जाड, काचेसारखा पट्टा असतो, आणि काही पेशी खिळ्याच्या माथ्याप्रमाणे आत डोकावतात. अर्ध्या शतकाहून अधिक काळ सर्वांनी असेच मानले की, जखमी यूरोथेलियमने रूप पालटून हे सोंग घेतले आहे, आणि मूत्रपिंडाचे नाव केवळ साम्यापुरते आहे. मग २००२ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांतील असे अंकुर तपासले. युक्ती अत्यंत साधी होती: स्त्रीचे मूत्रपिंड पुरुषाला किंवा पुरुषाचे स्त्रीला बसवलेले असेल तर अंकुराच्या पेशींतील लिंगगुणसूत्रे पाहावीत. ती दात्याची निघाली. याचा अर्थ असा की मूत्रपिंडाच्या नलिकांतून गळलेल्या पेशी लघवीबरोबर वाहत खाली आल्या, जेथे अस्तर उघडे पडले होते तेथे रुजल्या, आणि तेथेच आपल्या मूळ गावच्या रीतीने वाढल्या. १९५० चे नाव खरे ठरले, तेही नाव ठेवणाऱ्यांनी कल्पिले नसेल इतके खरे. एक व्यावहारिक फास येथे सांगून ठेवतो. अष्ठीलेचा कर्करोग ओळखण्यासाठी आता रेसिमेज नावाच्या विकरासाठी रंजन करतात, आणि त्याला तळपेशींच्या अभावाची जोड मिळाली की निकाल कर्करोगाकडे झुकतो. नेफ्रोजेनिक अडेनोमा रेसिमेजने रंगतो आणि त्याला तळपेशीही बहुधा नसतात. पॅक्स-८ हे प्रथिन तपासले असता मूत्रपिंडाचे कूळ उघडे पडते. ते तपासण्याची आठवण न झाल्यास साध्या अंकुरासाठी एखाद्याची संपूर्ण अष्ठीला काढली जाण्याची भीती असते.

स्त्रियांच्या मूत्रमार्गाला पुस्तकात एक प्रकरण दिले आहे, ते केवळ उपचारापुरते नाही. तो मार्ग अवघा ४ सेंटिमीटर लांब. त्याच्या बाह्य छिद्राच्या मागच्या काठावर, बहुधा मासिक पाळी गेल्यानंतर, कॅरंकल नावाचा लालभडक, हात लावताच रक्त येणारा मोड दिसतो. तो दाहाचा व रक्तवाहिन्यांचा खेळ आहे. पण संकोचामुळे बाया तो वर्षानुवर्षे कोणाला दाखवीत नाहीत, आणि दाखविलाच तर न तपासता मलम दिले जाते, त्यामुळे त्याच जागी क्वचित येणारा खरा कर्करोग त्याच्या आडोशाला वाढू शकतो. स्त्रीच्या मूत्रमार्गालगत स्कीन यांनी १८८० मध्ये वर्णिलेल्या ज्या ग्रंथी आहेत त्याही पीएसएने रंगतात. अष्ठीलेच्या भगिनी म्हणून त्यांचा दावा या रंजनाने रुजू झाला.

उरलेल्यांपैकी नळी घातल्यामुळे सुजून फुगलेले दाहज अंकुर, मानवी पॅपिलोमा विषाणूच्या ६ व ११ या प्रकारांनी येणारे चामखिळीसारखे कोंब, आणि पास्किसने १९२७ मध्ये वर्णिलेला व पॉट्स आणि हर्स्ट यांनी १९६३ मध्ये नामकरण केलेला, बाहेर न वाढता आत वळणारा पॅपिलोमा, यांचा विचार त्या त्या ठिकाणी थोडक्यात केला आहे. उतारवयात अष्ठीलेच्या मधल्या भागाची जी गाठ मूत्राशयात डोके काढते ती अंकुरासारखी दिसली तरी तिचा संसार मोठा आणि स्वतंत्र आहे; तिला येथे मुद्दाम घेतले नाही.

विवेचनाचा क्रम मी जागेवरून न लावता अस्तराच्या कुळावरून लावला आहे. प्रचलित पाठ्यपुस्तकांची वहिवाट याच्या उलट आहे, आणि परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना ती सोयीचीही वाटते. परंतु विकृतिवैज्ञानिकाच्या हाती जे येते ते २-३ मिलिमीटरांचे, कडेने जळलेले, दिशा हरवलेले तुकडे असतात, आणि सोबतच्या कागदावर बहुधा ‘मूत्रमार्गातील वाढ’ यापलीकडे अक्षर नसते. तुकडा मार्गाच्या कोणत्या भागातला, रुग्णाचे वय काय, पूर्वी शस्त्रक्रिया किंवा नळी झाली होती का, एवढ्या तीन ओळी लिहिण्याचे कष्ट शल्यतज्ज्ञांनी घेतले तर निम्मे रंजन वाचेल, हे माझे जुने गाऱ्हाणे या निमित्ताने पुन्हा नोंदवून ठेवतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काढल्यानंतर अंकुर पुन्हा येतो का, याचा खुलासा केला आहे. कारण अष्ठीलेच्या अस्तराचा अंकुर पुरता काढला की सहसा परतत नाही, नेफ्रोजेनिक अडेनोमा मात्र परतण्याची शक्यता बरीच असते, आणि रुग्णाला हे आधी सांगितलेले नसले तर दुसऱ्या खेपेला रक्त दिसताच तो पहिला रिपोर्टच खोटा समजतो. ज्यांना सूक्ष्मदर्शकाचा सराव नाही अशा वाचकांनी व्हेरूमॉन्टॅनमच्या रचनेचे पहिले प्रकरण वाचून मग नलिकाजन्य कर्करोगाकडे वळावे, आणि रंजनाच्या तक्त्यांना शेवटी हात घालावा.